ऑनलाइन मोटारशर्यतींच्या खेळांतील इंजिनबदल आणि समतोल : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची मराठीत दीर्घ परंपरा आहे. संगणकीय खेळांचा विचार मात्र बहुधा करमणूक किंवा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर होणारे दुष्परिणाम एवढ्यापुरताच केला जातो. वास्तविक खेळ ही नियमांनी रचलेली कृती असते. नाट्यकृतीचा अर्थ जसा तिच्या संवादांइतकाच तिच्या बांधणीत असतो, तसा खेळाचा अर्थ त्याच्या नियमांत असतो. त्यामुळे नियमांची चिकित्सा ही खेळाच्या समीक्षेची पहिली पायरी ठरते.

प्रस्तुत लेखात ऑनलाइन मोटारशर्यतींच्या खेळांतील एका वादग्रस्त नियमाचा विचार केला आहे. मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या, बहुधा कितीतरी बलाढ्य मोटारीचे इंजिन बसविण्याची मुभा काही खेळांत खेळाडूला असते. या इंजिनबदलामुळे स्पर्धेचा समतोल ढळतो, अशी तक्रार खेळाडूंकडून वारंवार केली जाते. 'फोर्झा' ही मालिका येथे मुख्य आधार म्हणून घेतली असून 'ग्रॅन टुरिस्मो'चा विचार तुलनेसाठी केला आहे. दोष बलाढ्य इंजिनाचा नसून मोटारीचे सर्व गुण एकाच अंकात बसविण्याच्या पद्धतीचा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वास्तवातील इंजिनबदलाची परंपरा

इंजिनबदल ही खेळ रचणाऱ्यांची कल्पना नव्हे. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सामान्य ग्राहकाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या, हलक्या मोटारींत अशी इंजिने बसवून 'हॉट रॉड' नावाची एक स्वतंत्र संस्कृतीच उभी केली. हलका सांगाडा आणि बलाढ्य इंजिन यांचा हा संयोग पुढे कारखान्यांनीही स्वीकारला.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एसी कोब्रा. इंग्लंडमधील एसी कंपनीची 'एस' ही सहा सिलिंडरांची छोटी, देखणी मोटार होती. अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचे ४.२ लिटरचे व्ही-८ इंजिन बसविले. हा प्रयोग यशस्वी झाल्यावर इंजिन ४.७ लिटरचे आणि नंतर ७ लिटरचे झाले. ७ लिटरच्या इंजिनासाठी १९६५ मध्ये मोटारीचा सांगाडा मात्र नव्याने आखावा लागला. सांगाड्याच्या नळ्या जाड झाल्या, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आणि रुंद टायरांसाठी अंगही फुगवावे लागले. इंजिनाने उरलेल्या मोटारीकडून आपली किंमत वसूल केली.

सनबीम टायगर या १९६४ च्या मोटारीची कथाही अशीच आहे. मूळ चार सिलिंडरांच्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचे व्ही-८ इंजिन बसविण्यासाठी स्टिअरिंगची यंत्रणा बदलावी लागली. जागा इतकी अपुरी होती की डाव्या बाजूच्या अगदी मागच्या स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी आसनकक्ष आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यात एक छिद्र ठेवून त्याला बूच लावावे लागले. या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. वास्तवात इंजिन हा सुटा भाग नसतो. त्याचे वजन, आकार, उष्णता आणि ताकद यांच्याशी प्रत्येक अन्य भागाला जुळवून घ्यावे लागते.

'फोर्झा'तील रचना आणि कामगिरी-निर्देशांक

'फोर्झा होरायझन ५' हा खेळ प्लेग्राउंड गेम्स या ब्रिटिश संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणला. मेक्सिकोच्या भूप्रदेशावर आधारलेल्या या खेळात आरंभीच पाचशेहून अधिक मोटारी होत्या. साठ वर्षांपूर्वीची छोटी घरगुती मोटार आणि अत्याधुनिक शर्यती मोटार यांना एकाच खेळात स्थान द्यायचे, तर त्यांची तुलना करणारे काही मापक लागते. 'फोर्झा'ने त्यासाठी कामगिरी-निर्देशांक योजला आहे.

प्रत्येक मोटारीला तीन आकड्यांचा एक निर्देशांक मिळतो. ५०० पर्यंत डी वर्ग, ५०१ ते ६०० सी वर्ग, ६०१ ते ७०० बी वर्ग, ७०१ ते ८०० ए वर्ग, ८०१ ते ९०० एस-१, ९०१ ते ९९८ एस-२ आणि ९९९ ला एक्स वर्ग अशी ही उतरंड आहे. खेळाडू इंजिन, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांत सुधारणा करू लागला की अंक वाढतो. ऑनलाइन शर्यतीत वर्गाची कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. त्यामुळे ८०० हा अंक जणू एक ठरावीक अंदाजपत्रक होऊन बसतो. ते ताकदीवर खर्च करायचे की पकडीवर, याचा निर्णय खेळाडूचा असतो.

ही कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. तिने एकाच वेळी दोन आश्वासने दिली आहेत. आवडती मोटार हवी तशी घडवा, हे पहिले; आणि एका वर्गातील सर्वांना समान संधी मिळेल, हे दुसरे. इंजिनबदल ही या दोन्ही आश्वासनांची एकत्रित कसोटी आहे.

असमतोल कसा निर्माण होतो?

पहिले कारण असे की निर्देशांक एक आणि मार्ग अनेक आहेत. लांब सरळ रस्त्यांच्या शर्यतीत ताकद निर्णायक ठरते, तर नागमोडी घाटरस्त्यावर पकड आणि हलकेपणा. मोटारीला मिळणारा अंक मात्र दोन्ही ठिकाणी तोच राहतो. ८०० अंकांची एक मोटार बलाढ्य इंजिन आणि साधे टायर घेऊन आली, दुसरी मध्यम इंजिन आणि उत्तम टायर घेऊन आली, तर कागदावर त्या समान आहेत. प्रत्यक्षात एक मार्ग पहिलीला आणि दुसरा मार्ग दुसरीला विजय बहाल करतो. शर्यतीचा मार्ग अगोदर ठाऊक असेल, तर खेळाडू आपले अंदाजपत्रक त्या मार्गाच्या मागणीप्रमाणे खर्च करतो. सर्वसाधारण सरासरीसाठी केलेली मोजणी अशा विशिष्ट मागणीपुढे हतबल ठरते.

दुसरे कारण भागांच्या परस्परसंबंधांत आहे. नवे इंजिन जड असेल आणि पुढच्या भागात असेल, तर पुढच्या चाकांवर भार वाढतो, वळणावर मोटार बाहेरच्या बाजूला घसरू पाहते आणि अंकही चढतो. येथवर खेळाचा न्याय वास्तवाशी जुळतो. परंतु एखादे इंजिन हलके असून मोठी ताकद देत असेल, किंवा त्याची ओढ कमी फेऱ्यांपासून अखेरपर्यंत सलग टिकत असेल, तर त्याचा लाभ अंकात दिसतो त्यापेक्षा अधिक असू शकतो. दोन इंजिनांची कमाल अश्वशक्ती सारखी असली तरी एक वळणातून बाहेर पडतानाच मोटारीला पुढे खेचते आणि दुसरे गिअर चढेपर्यंत वाट पाहायला लावते. शर्यत जिंकली जाते ती या फरकावर.

तिसरे कारण म्हणजे इंजिनाच्या जोडीने मिळणारी चाकांच्या रचनेची अदलाबदल. 'होरायझन' खेळांत बहुतेक मोटारींना फोर व्हील ड्राइव्ह बसविता येते. मागच्या दोन चाकांना प्रचंड ताकद दिली तर ती जागीच फिरतात. हा बलाढ्य इंजिनावरचा निसर्गाचा अंकुश आहे. चारही चाकांना ताकद विभागून दिली की हा अंकुश सैल होतो. वजन आणि अंक वाढतात हे खरे. पण जेथे शर्यत स्थिर अवस्थेतून सुरू होते आणि मार्गात डांबर व माती यांची सरमिसळ असते, तेथे हा सौदा फायद्याचा ठरतो. इंजिनबदल आणि फोर व्हील ड्राइव्ह स्वतंत्रपणे पाहिले तर दोन्ही निरुपद्रवी दिसतात. एकत्र आल्यावर मात्र त्यांचा परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो आणि बेरीज करणारा अंक तेथे फसतो.

यात ऑनलाइन माध्यमाचा वाटा मोठा आहे. 'फोर्झा'त एका खेळाडूने केलेली जुळणी सांकेतिक क्रमांकाद्वारे इतरांना देता येते आणि प्रत्येक मार्गावरील उत्तम वेळांची क्रमवारी सर्वांना खुली असते. एखाद्याने मर्यादेतली सर्वांत लाभदायक जुळणी शोधली की ती झपाट्याने सर्वत्र पसरते. शेकडो मोटारींचे वैविध्य अशा रीतीने मोजक्या जुळण्यांपर्यंत आकसते. ज्या स्वातंत्र्याने वैविध्याचे वचन दिले, तेच स्वातंत्र्य स्पर्धेच्या दडपणाखाली एकसुरीपणाला जन्म देते. हा या रचनेतील मूलभूत अंतर्विरोध आहे.

सैद्धांतिक विवेचन

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. स्पर्धेच्या खेळात संधीची समानता कृत्रिम रीतीने निर्माण करावी लागते, असे त्यांचे निरीक्षण आहे. निसर्गतः असमान असलेल्यांना खेळापुरते समान केल्याशिवाय विजयाला अर्थ राहत नाही. सोंगाच्या खेळात मात्र अशा समानतेची गरज नसते. तेथे आनंद असतो तो काहीतरी निराळे होऊन पाहण्याचा.

इंजिनबदल मुळात दुसऱ्या प्रकारात मोडतो. चिमुकल्या, निरागस दिसणाऱ्या मोटारीच्या पोटात शर्यती इंजिन दडवून महागड्या मोटारींना मागे टाकणे यात सोंगाचा, बहुरूप्याचा आनंद आहे. एकट्याने किंवा मित्रांसह खेळताना त्याला कोणी आक्षेप घेत नाही. आक्षेप येतो तो हे सोंग क्रमवारी लागणाऱ्या स्पर्धेत उतरल्यावर. 'होरायझन'ने सोंग आणि स्पर्धा यांना एकाच अंकाच्या दोरीने बांधले आणि ती दोरी दोघांनाही अपुरी पडली.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले सूत्रही येथे उपयुक्त ठरते. एखादे मापक नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागले की त्याचा मूळ भरवसा ओसरतो, असा त्याचा आशय आहे. कामगिरी-निर्देशांकाचे नेमके हेच होते. मोटारी जोवर केवळ वर्णनासाठी मोजल्या जातात तोवर अंक बऱ्यापैकी खरा असतो. तोच अंक प्रवेशाची मर्यादा झाला की अंकात न दिसणारे गुण शोधण्याचा उद्योग सुरू होतो.

'ग्रॅन टुरिस्मो ७' या मार्च २०२२ च्या खेळात याचा ठळक प्रत्यय आला. 'फोर्झा'त गिअरचे प्रमाण किंवा टायरमधील हवेचा दाब बदलला तरी अंक बदलत नाही. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये मात्र जुळणीतील अशा बदलांचाही गुणांच्या हिशेबावर परिणाम होतो. वरवर पाहता ही पद्धत अधिक सूक्ष्म आहे. परंतु २०२२ मध्येच खेळाडूंनी अशा विचित्र जुळण्या शोधल्या की डॉज टोमाहॉक या काल्पनिक, अतिवेगवान मोटारीचे गुण हिशेबात खूप खाली दिसत आणि ती ६०० गुणांच्या मर्यादित शर्यतीत उतरविता येई. पुढील सुधारणांत ही पळवाट बुजविण्यात आली. मापक सूक्ष्म केल्याने प्रश्न सुटत नाही, पळवाटही तितकीच सूक्ष्म होते, हा यातील बोध आहे.

समतोलाचे पर्यायी मार्ग

या प्रश्नावर विविध खेळांनी योजलेले उपाय तीन प्रकारांत विभागता येतात.

पहिला उपाय सीमा आखण्याचा आहे. 'फोर्झा मोटरस्पोर्ट ७' (२०१७) मध्ये मोटारींचे गट पाडून प्रत्येक गटासाठी निर्देशांकाबरोबरच ताकद आणि टायरांची रुंदी यांवरही मर्यादा घालण्यात आल्या. एका अंकाऐवजी अनेक अटी आल्यामुळे अवास्तव इंजिनबदलाला आपोआप आळा बसला. मात्र मोटार मनासारखी घडविण्याची मोकळीक आक्रसल्याची भावनाही त्यातून निर्माण झाली.

दुसरा उपाय दुर्मीळतेचा. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये मोटार पुष्कळ चालवून तिची पातळी वाढविल्याखेरीज सुधारणा खुल्या होत नसत. खेळाडूंच्या नाराजीनंतर २०२४ मध्ये हे बंधन सैल करण्यात आले. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये इंजिनबदलाची सोय आली तेव्हा ती इंजिने सोडतीच्या तिकिटांतून, म्हणजे नशिबाने मिळत. ठरावीक पातळी गाठलेल्यांना ती विकत घेण्याची सोय नंतर झाली. कायवा यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे स्पर्धेतील असमतोलावर दैवाचा उतारा शोधला गेला. हा उतारा तर्कदुष्ट आहे. बलाढ्य इंजिन थोड्यांनाच मिळाले म्हणून ते न्याय्य होत नाही. उलट ज्यांच्याकडे ते आहे आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यातील दरी त्यामुळे अधिक रुंदावते.

तिसरा उपाय वास्तवातील शर्यतींकडून आलेला आहे. स्टेफान रातेल यांच्या संस्थेने २००६ मध्ये सुरू झालेल्या जीटी-३ शर्यतींत कामगिरीचा समतोल हे तत्त्व रुजविले. पुढे इंजिन असलेली डॉज वायपर आणि मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ यांना एकत्र धावता यावे म्हणून वजन वाढविणे, इंजिनाला मिळणारी हवा कमी करणे असे उपाय संयोजक करतात. 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'ने (२०१७) ही पद्धत ऑनलाइन शर्यतींत आणली. तेथे ताकद आणि वजन खेळच ठरवितो आणि खेळाडूची स्वतःची जुळणी बहुधा बंद असते. हा उपाय परिणामकारक असला तरी निर्विवाद नाही. २०१६ च्या ल मान्स शर्यतीत पात्रता फेरीनंतर फोर्ड जीटीच्या टर्बोचा दाब कमी करण्यात आला, तरीही तिच्या गटात फोर्डच विजयी ठरली आणि फोर्डने आपला खरा वेग आधी दडवून ठेवल्याच्या संशयाची चर्चा झाली. समतोल माणसाने ठरविला की त्याच्यावर माणसांचा अविश्वासही येतो.

मूल्यमापन

संस्कृत साहित्यशास्त्रात अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार स्वतः कितीही मोलाचा असला तरी अस्थानी असेल तर तो शोभत नाही, ही त्याची भूमिका. प्रत्येक घटकाची योग्यता ही समग्र कृतीशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरते. इंजिनबदलाच्या चर्चेला ही दृष्टी अनपेक्षितपणे लागू पडते.

शेल्बी यांच्या ७ लिटरच्या कोब्रात औचित्य होते, कारण इंजिनासाठी सांगाडा बदलला. खेळात इंजिन बदलते तेव्हा उरलेल्या मोटारीकडून मागितला जातो तो केवळ अंकांचा मोबदला. जागा अपुरी पडत नाही, पत्र्याला छिद्र पाडावे लागत नाही, सांगाडा पुन्हा आखावा लागत नाही. वास्तवात जो संघर्ष वस्तूंमध्ये होतो तो येथे वजाबाकीत मिटविला जातो. म्हणून अतिबलाढ्य इंजिनबदल स्पर्धकाला अन्यायाचा वाटतो. त्याची ताकद प्रतिस्पर्ध्याला मान्य असते. त्या ताकदीची रास्त किंमत चुकविली गेली नाही, हे त्याला खटकते.

या दृष्टीने पाहता २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ची ऑनलाइन रचना अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तेथे ठरावीक, समतोलित मोटारींच्या शर्यती आणि निर्देशांकाच्या मर्यादेत हवी तशी मोटार घडवून उतरण्याच्या शर्यती अशी स्वतंत्र दालने आहेत. खेळाडू कोणत्या दालनात शिरतो यावरून त्याने कोणता करार मान्य केला हे स्पष्ट होते. पहिल्यात चालकाच्या कौशल्याची परीक्षा होते, दुसऱ्यात मोटार जुळविणाऱ्याच्या कल्पकतेची. 'होरायझन ५' भूदृश्य, मोकळेपणा आणि सोंगाचा आनंद यांत सरस आहे. स्पर्धा म्हणून मात्र तो डळमळीत राहतो, कारण दोन वेगळ्या करारांवर तो एकच सही घेतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, इंजिनबदल हा असमतोलाचा उगम नसून निर्देशांकातील उणीव उघडी करणारी घटना आहे. दोन, एकच अंक अनेक मार्गांवरील कामगिरीचे प्रामाणिक प्रतिनिधित्व करू शकत नाही. मार्गाच्या स्वरूपानुसार भागांची किंमत बदलणे किंवा एकाहून अधिक अटी घालणे त्याहून श्रेयस्कर आहे. तीन, दुर्मीळता किंवा सोडत हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही. चार, स्वातंत्र्य आणि समानता यांना एका नियमात कोंबण्यापेक्षा त्यांना स्वतंत्र जागा देणे अधिक प्रामाणिक आहे.

हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली, तेव्हा अध्यापन, संशोधन आणि संस्थेची कामे यांची अंकांत बेरीज होऊ लागली. वर्गातील तासाचे मोल आणि छापील पानाचे मोल एका मापाने मोजता येते काय, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न आणि ८०० अंकांच्या दोन मोटारी खरोखर समान आहेत काय, हा खेळाडूचा प्रश्न यांचे गोत्र एकच आहे. अंकाशिवाय तुलना होत नाही हे मान्य केले, तरी अंक कशासाठी मोजला आणि कोणत्या मार्गासाठी मोजला हे विचारण्याचा अधिकार ज्याची मोजणी होते त्याला असला पाहिजे. शर्यतीच्या प्रारंभरेषेवर उभा असलेला खेळाडू जेव्हा इंजिनबदलाविषयी तक्रार करतो, तेव्हा तो हाच अधिकार मागत असतो.